देवीच्या नावावर घातलेलं दुखणं

गुळेदगुड्ड, १२ जून १९९३

चि. सौ. नीलव्वा हिस गुरव्वा अज्जीचे पोटभर आशीर्वाद.

बोलते मी, लिहितात कमलाक्षी टीचर. त्या माझ्या शिव्या गाळतात, म्हणून पत्र मवाळ वाटलं तर अज्जी आजारी पडली असं समजू नकोस. तुझ्या मागावर आता तुझी आई खण विणते. धागा स्वतः तोडते आणि दोष मागाला देते. जावई कसे आहेत? लग्नात इतके गप्प, की मला वाटलं मुका गळ्यात मारला.

गोळ्या सुपारीच्या डबीत ठेवल्यास ना? रोज एक, कुणाच्या नजरेस न पडता. सासरी फेफऱ्याचं नाव काढू नकोस. तुझी शांतक्का आत्या लग्नानंतर आठव्या दिवशी परत आली. अजून गावात तिला ‘फेफरी’च म्हणतात.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

अमीनगड, ३ ऑगस्ट

ती. अज्जीस शि. सा. न.

ते मुके नाहीत, लाजाळू आहेत. असं म्हणू नकोस गं, नावं ठेवलेली कशी लागतात ते मला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी आरतीच्या वेळी मला झटका आला. शुद्धीवर आले तर कपाळभर कुंकू, ओटीत कडुलिंब आणि सासूबाई माझ्या पायांवर! एल्लम्मा अंगात आली म्हणाल्या. आता मंगळवारी-शुक्रवारी बायका नारळ घेऊन येतात, आपापल्या सुनेला दिवस कधी जातील ते मला विचारतात. त्या दोन्ही दिवशी मला कडक उपास. देवीच्या बाईने औषधाला शिवायचं नाही म्हणे. सारखं कुणीतरी जवळ बसलेलं असतं, गोळी चुकते. अंग थरथरतं.

यांना सगळं सांगावंसं वाटतं. काल ओठांवर आलं होतं. तू हो म्हणालीस तर सांगेन. वाट पाहते.

तुझ्या मायेची, नीला

गुळेदगुड्ड, १० ऑगस्ट

चि. नीलव्वा, आशीर्वाद.

पत्र ऐकून इतकी हसले, की दात असते तर पडले असते. सासू सुनेच्या पायांवर! आमच्या सात पिढ्यांत असं कुणी पाहिलं नाही. राहू दे तसंच. फेफऱ्याची म्हणून हाकलतील, देवीची म्हणून पूजतील.

इथे टीचरनी लेखणी खाली ठेवली. म्हणतात, पोरीला बोलू द्या. मी म्हटलं, लेखणी तुमची, नात माझी. लिहा.

सांगू नकोस. जमेल तेव्हा गोळी घे.

अज्जीवर राग धरू नकोस.

अमीनगड, २६ सप्टेंबर

ती. गुरव्वा अज्जी यांस जावई संगप्पाचा नमस्कार.

नीलाच्या आईला तारेतून कळलं, तेच आता सविस्तर लिहितो. शुक्रवारी नीलाला झटका आला तो थांबेचना. बायका देवीची गाणी म्हणत होत्या, आरत्या ओवाळत होत्या. मीही हात जोडून उभा होतो. तासाभराने ओठ निळे पडले तेव्हा उचलून पळालो. दवाखाना आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. तिथे पोचलो तेव्हा ती गेलेली होती.

नंतर सुपारीच्या डबीत गोळ्या सापडल्या, तुमचं पत्रही. अज्जी, मी तिला हाकललं नसतं. हे मी कुणापुढे सिद्ध करू?

माझी आई म्हणते, देवीने सून नेली. अंगणात तिच्या नावाचा कट्टा बांधायला निघाली आहे. मी काय सांगू?

गुळेदगुड्ड, १ ऑक्टोबर

चि. संगप्पा यांस.

आशीर्वाद द्यायचं तोंड नाही.

कट्टा बांधू देऊ नका. तुमच्या दारात उद्या दुसरी पोर कोसळली, तर बायका तिलाही ओवाळत बसतील. शुक्रवारच्या गाडीने मी येते. बायका जमल्या की त्यांच्यापुढे उभी राहून सांगेन, हिला अपस्मार होता. अंगात देवी नव्हती, भूत नव्हतं, पोरीत खोट नव्हती. गोळी घेऊन ती म्हातारी झाली असती. तिने मला विचारलं होतं आणि मी नको म्हटलं.

टीचर म्हणतात, एवढं लिहून पाठवलं तरी पुरे. पुरे नाही. लिहिलेलं मला वाचता येत नाही, पण सांगता येतं. ते मी तिच्यासाठी एकदाही केलं नाही.

घरात घ्यायचं की उंबऱ्याबाहेर उभं करायचं, ते तुम्ही ठरवा.

गुरव्वा