डोळ्यांवरचे हात

आप्पा, निपाणीचा आपला क्लब स्मरणिका काढतोय आणि तिच्यात तुमच्याविषयी खोटं छापणार आहे. मला इतका राग आलाय की आज बेळगावला कचेरीत दोन पत्रं चुकीच्या पाकिटांत घातली.

आपल्या देशात दरवर्षी भरणाऱ्या त्या आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धेचा इतिहास मीच त्यांना लिहून दिला. सर्व्हिस ज्याची त्यालाच गुण मिळायचा तो काळ, शटल वाऱ्यानं हलू नये म्हणून पंखे बंद करून घामाघूम बसलेले प्रेक्षक, आणि एका अंतिम सामन्यात रेषेवर नजर ठेवायला खुर्चीत बसलेला तंबाखूच्या वखारीतला कारकून, म्हणजे तुम्ही. शेवटच्या गुणाला शटल रेषेपाशी पडलं, नेमका तेव्हाच आपल्या देशाचा खेळाडू तुमच्या आड आला आणि तुम्ही दोन्ही हातांनी डोळे झाकलेत. दिसलं नाही, हे सांगायची रेषापंचाची तीच खूण. मुख्य पंचालाही दिसलं नव्हतं. गुण पुन्हा खेळवला आणि आपला खेळाडू हरला. तुम्ही 'बाहेर' म्हटलं असतं तर तो वाचला असता, असं इथं सगळ्यांचं मत. "आप्पा, डोळं झाकायला एवढ्या लांब गेलता व्हय?" हे तुम्ही चहाच्या गाड्यावर किती वर्षं ऐकलंत.

दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं, तुम्हीच शिकवलंत. आई भाकरी थापतेय, फरशीवर खडूची रेषा आहे, तुम्ही शटल टाकताय आणि मी पाटीवर 'आत' किंवा 'बाहेर' लिहितेय. एकदा आई मध्ये आली. मी अंदाजानं 'आत' लिहिलं. शटल खरंच आत होतं, तरी तुम्ही पाटी पुसलीत. "दिसलं न्हाय तर डोळ्यावर हात ठेव गं. बरोबर आलं म्हणून खरं हुतं व्हय?" मी रडले होते. अजूनही कुठल्याही कागदावर सही करताना तीनदा वाचते.

आता प्रूफात छापलंय की तुम्ही शटल आत पडलेलं पाहिलंत आणि आपल्याच खेळाडूविरुद्ध छातीठोकपणे रेषेकडे हात केलात. काय निःपक्षपातीपणा, काय नजर! मी काल तशीच क्लबात गेले आणि सेक्रेटरींना म्हटलं, हे खोडा. ते हसले. "तुझ्या बाचं नाव मोठं करतोय, आन् तूच भांडतीस? न बघितल्याला कुणी इतिहास म्हणतंय व्हय?" त्या हॉलमध्ये एवढी माणसं होती आणि मला दिसलं नाही असं आपणहून कबूल करणारा एकच होता, त्याचेच हात हे लोक ओढून काढतायत. मी हे सगळं त्यांना ऐकवलं. आवाज चढला होता माझा.

मग ते म्हणाले, ही गोष्ट त्यांनी बनवलेली नाही. त्यांच्या मुलीनं लहानपणी शाळेतून येऊन घरी सांगितली होती.

मी प्रूफ घेऊन घरी आले. ते समोर आहे, सही केलेली नाही. हे पत्रही त्याच्याच घडीत राहील.

आम्ही दोघी सातवीत असताना, डबा खाताना, तिला ती गोष्ट मीच सांगितली होती. मुली तुम्हाला आंधळा म्हणत होत्या. तुम्ही तेव्हा हयात होतात, आप्पा. माझं ते सांगणं तुमच्या कानावर आलं होतं का, हे विचारायचा मला धीर झाला नाही.