अध्यक्षांचा शब्द

आबा,

गेल्या रविवारी मी भर बैठकीत तुमच्या नावावर खोटं बोलले. एवढं सांगून हे पत्र इथेच थांबवलं असतं तर बरं झालं असतं, कारण हल्ली चार ओळी लिहिल्या की अंगठा दुखतो आणि बीपीची गोळी घेतली की बसल्या जागी डोळे मिटायला लागतात. पण तुम्हाला तोडकं सांगितलेलं कधी चाललं नाही. मॅच कशी झाली असं विचारलंत की पहिल्या चढाईपासून सांगावं लागायचं, मधलं गाळलं की तुम्ही म्हणायचात, "मंग? मदी काय झाला?" तेव्हा मधलं सगळं सांगते. मला तरी दुसरं काय काम आहे.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटली. तुमच्यानंतर आपल्या कबड्डी संघाला तीन अध्यक्ष झाले, पण गावात नुसतं "अध्यक्ष" म्हटलं की अजून तुम्हीच. आत्ता आहे तो डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे, शिफ्ट सांभाळून संघ सांभाळतो, पोरांच्या गुडघ्याला स्वतःच्या हाताने क्रेप बँडेज बांधतो. भला माणूस. त्याला सगळे नावाने हाक मारतात आणि तो स्वतःच म्हणतो, "अध्यक्षांच्या टायमाला असा नव्हता." खेळायला निघालेला टेम्पो अजून आपल्या फाटकाशी थांबतो, तीनदा हॉर्न वाजतो, आणि मागे उभी राहिलेली पोरं ओरडतात, "जातो, अध्यक्ष!" मी रोह्याला नांदत होते, तिथल्या शाळेत शिकवत होते, आणि या घराला कुलूप होतं, तेव्हाही म्हणे टेम्पो थांबत होता. कुलपाला सांगून जात होते. हे गेल्यावर मी इथे राहायला आले, आणि आता हॉर्न वाजला की मलाच हात पुसत बाहेर जाऊन "जिंकून या" म्हणावं लागतं. ते मला सांगत नाहीत, हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही.

एवढा जीव लोकांनी तुम्हाला का लावला, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी दहा वर्षांची असेन. रोह्याला अंतिम सामना होता आणि तिथे मावशी राहायची, म्हणून मला बरोबर नेलं होतंत. दुपारचं ऊन, दोन टेम्पो भरून आपली माणसं, मिठागरावर त्या दिवशी चिटपाखरू नसणार. शेवटची मिनिटं आहेत, आपण एका गुणाने पुढे, आणि आपला एकच गडी मैदानात उरलेला. त्यांचा चढाईवाला येतो, हात टाकतो, पळतो. लागला की नाही? एक पंच म्हणतो लागला, दुसरा म्हणतो नाही. लागला असेल तर आपल्यावर लोण, आणि सामना गेला. दोन्हीकडची माणसं बाह्या सरसावून आत घुसली. तेव्हा तो म्हातारा मुख्य पंच तुमच्याकडे वळला आणि म्हणाला, "अध्यक्ष, तुम्ही समोरच होता. तुम्ही सांगा." म्हणजे आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायची वेळ आली तर ती द्यायला त्याने आपल्याच अध्यक्षाला बोलावलं, आणि समोरचा संघ त्याला कबूल झाला! तुम्ही टोपी काढलीत, डोकं खाजवलंत, टोपी परत घातलीत आणि म्हणालात, "लागला."

आपल्यातला एक तरणा पोरगा रडत ओरडला, "अध्यक्षांनी घात केला!" तुमच्याबरोबर मिठागरात राबणारे ते काका, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारायचे ते, त्यांनी त्याला दंडाला धरलं. "अध्यक्ष बोलले लागला, मंजे लागला. चल, टेम्पोत बस." नागोठण्यापर्यंत तो पोरगा बाहीने डोळे पुसत होता. वडखळच्या नाक्यावर चहा प्यायला उतरलो तोवर मात्र हरलो हे मागे पडलं होतं आणि जो तो म्हणत होता, "काय मानूस हाय पन!" मी भजी खात तुमच्याकडे बघत होते. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकत होतात, जणू दुसऱ्याच कुणाविषयी बोलणं चाललंय.

आणि मग आपल्या घरचं जेवण. जिंकून आलं तर गावाने संघाला जेवू घालायचं, हरून आलं तर अध्यक्षाने, हा तुमचाच नियम. हरलेल्या पोराला कुणी दारात उभं करत नाही, म्हणून त्याच दिवशी त्याला पोटभर घालायचं, असं तुम्ही म्हणायचात. म्हणणं सोपं होतं. तांदळाच्या भाकऱ्या थापायला आई आणि मी होतो. संघ जिंकावा म्हणून गावात सगळ्यात मनापासून देवाला कुणी विनवलं असेल तर ते आईने. एका वर्षी लागोपाठ चार सामने हरलात, तेव्हा सुकटाच्या कालवणाचं पातेलं उतरवताना ती म्हणाली होती, "यांना कोनतरी पकड शिकवा गो, माजा खांदा चाल्ला." पोरं तुमच्या हातून दुसरी भाकरी घेताना रडायची आणि तुम्ही त्यांच्या पाठीवर थाप मारायचात. माझ्या पाठीवर मारलेली मला आठवत नाही. तक्रार नाही, नुसतं सांगते.

आता ते सांगते, जे आपण दोघांनी नंतर कधीच काढलं नाही. मी पेणच्या शाळेत नववीत होते. बाईंनी मला शाळेच्या कबड्डीच्या संघात घेतलं होतं. मी चांगली खेळायचे, आबा. पाय लांब टाकून बोटाने शिवून यायची माझी लकब होती आणि ती मला कुणी शिकवली नव्हती, मैदानाच्या कडेला बसून बघून आली होती. त्या संध्याकाळी मी परातीत पीठ मळत होते आणि तुम्ही चुलीपुढे पाटावर बसला होतात. मी म्हटलं, तालुक्याला खेळायला जायचं आहे, सही पाहिजे. तुम्ही कागद हातातसुद्धा घेतला नाहीत. "आपल्यात पोरी मैदानात उतरत नाय." मी म्हटलं, गावाकडून नाही, शाळेकडून. "नाय बोललो ना." आईने मला डोळ्यांनी दटावलं. मी पीठ मळत राहिले.

आपल्यात पोरी मैदानात उतरत नाहीत, हेही धड खरं नव्हतं. दिवाळी झाली की मैदान करायचं काम बायकांचं. तळ्यावरून हंडे आणायचे, माती भिजवायची, रांगेने बसून धोपटण्याने चोपायची, हातांनी सारवायची. गावातल्या प्रत्येक बाईचा हात त्या मातीला लागलेला. मात्र फक्कीच्या रेघा पडल्या की आमचा पाय आत पडायचा नाही. त्या वर्षीही मी चोपायला बसले होते. आणि सहीच्या गोष्टीनंतर आठवड्याने तुम्ही पेणच्या बाजारातून माझ्यासाठी बांगड्या आणल्यात. हिरव्या काचेच्या, दोन्ही हात भरून. बांगड्या घालून कबड्डी खेळता येत नाही, हे तालुक्यात तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मी त्या घातल्या. सगळ्यांनी छान म्हटलं.

मला राग नकाराचा नव्हता. त्या काळात कुणाचा बाप हो म्हणाला असता? राग याचा आहे की तुम्ही म्हटलं असतंत तर गाव मानलं असतं. एका शब्दावर ज्यांनी करंडक सोडला, त्यांनी पोरींचं खेळणं चालवून घेतलं नसतं का? एवढा वजनाचा शब्द तुमच्यापाशी होता आणि तो माझ्यासाठी एकदाही टाकला नाहीत. शेवटच्या आजारात मी पंधरा दिवस तुमच्या उशाशी होते. वाटत होतं, आता काही बोलतील. शेवटचं बोललात ते, "दार लोट, वारा येतो."

तर गेल्या रविवारचं. गावात आता नऊ मुली खेळतात. शाळेच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवलेत, त्यांच्यावर. मी निवृत्त मास्तरीण म्हणून मला शिकवायला बोलावतात. माझे गुडघे असे, मी काय शिकवणार, खुर्चीत बसून ओरडते. पण एक मुलगी आहे, डोंगराकडच्या वाडीतली, ती चढाईला गेली की मी ओरडायचंसुद्धा विसरते. पुढच्या महिन्यात तालुक्याचे सामने आहेत. ब्लॉकवर पकड शिकवता येत नाही, पडलं की सालपटं निघतात. एकीचं मनगट मोडलं आणि तिच्या बापाने तिचं खेळणं बंद केलं. दुसऱ्या दोघींच्या घरी तेच चाललं होतं. मातीचं मैदान मिळालं नसतं तर महिन्याभरात तो संघ उरला नसता. म्हणून मुलींनी मैदान मागितलं, आणि मारुतीच्या देवळापुढच्या शेडमध्ये बैठक बसली.

कुणी वाईट बोललं नाही. वाईट बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. सुपरवायझर म्हणाला, माझी हरकत नाही पण सगळ्यांना विचारून करू. कुणी म्हणालं, पोरांच्या सरावाचं काय. कुणी म्हणालं, पोरींना पंचायतीकडून दुसरी जागा मागू, म्हणजे कधीच नाही. आणि मग मागून एकजण म्हणाला, "अध्यक्षांचा मैदान हाय त्यो. अध्यक्ष असते तं त्यांना चालला असता का?" मुली माझ्याकडे बघायला लागल्या. मी इतकी थकले होते, आबा. पंचेचाळीस वर्षांनी तेच वाक्य, आणि या वेळी तर ते बोलायला तुम्हीसुद्धा लागला नाहीत.

मी उठून म्हटलं, "चाललं असतं. जायच्या आधी मला म्हणाले होते, पोरींना मैदान द्या."

"अध्यक्ष बोलले व्हते?"

"हो."

"मंग आदी का नाय सांगितलास गो?"

"कुणी विचारलं नाही."

झालं. दीड तास चाललेलं भांडण अर्ध्या मिनिटात संपलं. पुरावा नाही, उलटतपासणी नाही. तुमच्या तोंडून जन्मात खोटं निघालं नाही, त्याचं व्याज मी उचललं, आणि मला लाज वाटायच्या आधी हायसं वाटलं. एवढ्यात खांबाला टेकून बसलेले शिट्टीवाले काका काठी धरून उभे राहिले. आता त्यांना नीट ऐकू येत नाही, कुठे बघतात तेही कळत नाही. म्हणाले, "मना पन बोलले व्हते. मिठागराच्या बांधावर बसलो व्हतो आमी. बोलले, पोरींना खेलाला द्याला पायजे व्हता." आणि पुन्हा खाली बसले.

तेव्हापासून माझ्या मागे नवंच लचांड लागलंय. सोमवारी सुपरवायझर आला, "बाई, मॅटचा काय बोलले व्हते का अध्यक्ष? माती ठेवू का मॅट घेऊ?" बुधवारी दोघे आले, कर्णधार कुणाला करायचा म्हणून. मी म्हटलं, बाबांनो, तेवढंच बोलले. तर म्हणतात, "आठवून बघा ना." मी हो म्हटलं तर हे लोक उद्या गावच्या नळाच्या वेळासुद्धा तुम्हाला विचारून ठरवतील. एका खोट्याला शंभर खोटी लागतात म्हणतात, मला ती बोलायची नाहीत, मी दमले आहे. मुली मात्र आज मैदानात उतरल्या. मनगटवालीच्या बापाने तिला कडेला आणून बसवलं होतं, बरी झाली की खेळेल म्हणाला, अध्यक्षांनीच सांगितलंय म्हटल्यावर आपण कोण. हे मी केलं याचा मला पश्चात्ताप नाही. तुमचा शब्द तुम्ही टाकला नाहीत, मी टाकला.

पण काकांना मी टाळते आहे. ते संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसतात म्हणून मी घरी येताना तळ्याकडून वळसा घालते, गुडघे बोंबलत असले तरी. मी खोटं बोलतेय हे त्यांनी ओळखलं असेल, आणि अध्यक्षांची पोरगी उघडी पडू नये म्हणून ते बोलले असतील, तर मी त्यांच्या पाया पडेन. पण तुम्ही खरंच तसं म्हणाला असाल तर? बांधावर बसून, बिडी ओढत, त्यांच्यापाशी चूक कबूल केलीत आणि घरी येऊन माझ्यासमोर ताट ओढून मुकाट जेवलात, असं असेल तर? काका ऐंशीच्या पुढे गेलेत. विचारायचं तर आता विचारायला हवं. मी विचारणार नाही. हे पत्रही कुठे पाठवायचं नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. सगळ्या गावाने तुमचा शब्द खरा मानला, आबा. हा एकच शब्द तुम्ही कधी बोललाच नसाल, अशी मी आशा करते.