टेकू कोणत्या बाजूला

फोपनार, मंगळवार, मे महिना, संध्याकाळ

सकाळी शहरात, शनवाऱ्याच्या चौकात, चहाच्या टपरीवर कालच्या वादळावरून वाद पेटला. कापड दुकानवाला म्हणाला, "क्लायमेट-बिमेट सब टीव्हीवाल्यांचं नाटक." चहावाला म्हणाला, "सेठ, आधी दुकानातला एसी बंद करा, मग बोला." सगळे हसले. मीपण. तिथंच दुपार झाली, नेहमीसारखी.

मग मामाच्या केळीत आलो. मामा दरवर्षी झाडाला बांबूचा टेकू उगवतीच्या बाजूनं लावतो, कारण वादळ मावळतीकडून येतं. त्याच्या बापापासून तसंच. काल ते उगवतीकडून आलं. टेकू जागच्या जागी उभे, आणि अर्धी बाग घडांसकट उलट्या बाजूला आडवी.

उरलेल्या अर्ध्या बागेत मामा बांबू घेऊन उभा होता. मी म्हटलं, "चल मामा, लावू." तो हलेना. मला रोज रिकामटेकडा म्हणणारा माणूस, आणि मलाच विचारतो, "तू दुनिया फिरतो ना रे? सांग, आता वारा कुठून येईल?"

पाणी आणतो म्हणून मी सटकलो.

आभाळ पुन्हा भरलंय. मामा अजून तसाच, बांबू हातात. मी बागेसमोर घराच्या ओट्यावर वही उघडून बसलोय, कारण त्याच्यासमोर जायची भीती वाटते. तो परत विचारेल.