उलटा बसवलेला फ्लोट

ती. दाजींस,

नमस्कार. गुडघा वळतो का आता? ताईला सांगा, स्वेटर मापात आहे (डावी बाही अर्धा इंच लांब आहे, पण मी कुठे बोललो?).

काचेच्या चार टाक्या, अकरा हात नळी, पाच कॉक, तांब्याचा फ्लोट (टाकी भरली की वर तरंगून कॉक मिटवणारा गोळा) आणि खाली सागवानी घोडी, एवढं मी या हातांनी केलं. बाजारचे फक्त स्क्रू. कारण तुमची लेक. तिच्या प्रबंधाचा विषय इतिहासातली सिस्टिम्स थिअरी. म्हणजे सनावळ्या घोकायच्या नाहीत; धान्य, प्रजा, खजिना, फौज एकमेकांना कशी जोडलेली, एकाचा कान पिळला की कोण ओरडतं, ते बघायचं. मी नववी नापास, पण नळजोडणीत तीस वर्षं. म्हटलं, पोरी, हे तर आमचंच काम! चौघांची एकेक टाकी करून, पाणी सोडून विद्यापीठाच्या समितीला दाखवू. पसंत पडलं तर विषय मंजूर, नाहीतर तुम्ही ठरवलेली विमा कचेरीतली नोकरी.

समितीसमोर पाणी सोडलं. खजिना भरला की वसुलीचा कॉक मिटायला हवा; तो आणखीच उघडला. खजिना तुडुंब, फौज काठोकाठ, प्रजा तळाला. मग फौज सांडली, ती थेट समितीच्या प्रमुखसाहेबांच्या बुटांत. फ्लोट उलटा बसवला होता मी! (तीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्यांदा म्हणा.) पाना घेऊन धावलो, तर ही ओरडली, "मामा, हात लावलास तर बघ! अस्संच होतं!" आणि लागली बोलायला. राज्य जितकं श्रीमंत तितकी फौज मोठी, जितकी फौज मोठी तितकी वसुली जास्त. राजाला कशाला शिव्या, जोडणीच उलटी. दाजी, माझ्या चुकीतून तिनं पाऊण तास इतिहास काढला. प्रमुखसाहेब मोजे पिळत म्हणाले, "पुन्हा दाखवा." विषय मंजूर! मी फडक्यानं फरशी पुसत होतो, म्हणून डोळे कुणाला दिसले नाहीत.

ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. विमा कचेरीला नकार कळवा. पोरीला तीन वर्षं द्या.

ता. ता. क. प्रमुखसाहेबांना ते यंत्र दर्शनी दालनात हवं होतं. अट एकच, फ्लोट सरळ करून द्यायचा, पाहुण्यांसमोर राज्य बुडता कामा नये. मी नाही म्हटलं. पंच्याऐंशी हजार देत होते.