नाव कटलं

यवतमाळ, शनिवार, जानेवारी १९६२

या आठवड्याला बेकारांचा आकडा उतरला म्हणून आमच्या रोजगार कचेरीचे साहेब खूश आहेत. काहून उतरला? कार्ड मुदतीत नवं केलं नाही, की नोकरीसाठी नोंदलेलं नाव मीच लाल शाईने कापतो.

आज झरीकडचा लक्ष्मण एक दिवस उशिरा आला. रुमालाची गाठ सोडून त्याने कार्ड पुढे केलं. मी चिडूनच म्हणालो, "तुझं नाव कटलं." चिडलो तरी कुणावर?

त्याचा चेहरा उजळला. "मंग लागली काय जी नोकरी? कोठी?"

मी पुढचं कार्ड ओढलं. त्याने कार्ड जपून रुमालात बांधलं. ती गाठ नजरेसमोरून हलत नाही. आकडा उतरला, तर नोकऱ्या लागल्या 'कोठी', हे साहेबांना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मले नोकरी आहे.