क्रिस्टल, कूलर आणि मालती

पांढुर्णा, मे १९८९

आदरणीय प्रभाकरराव यांना मनोहरचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? चंद्रकलावहिनींचं ब्लडप्रेशर? आंबिया बहाराची संत्री या उन्हात टिकून आहेत ना? इकडे मी उत्तम. मालती तुमच्याकडे मजेत असेलच, म्हणून विचारत नाही (तुम्ही आपणहून लिहिलंत तर मात्र वाचेन). अखजीच्या सणाला माहेरी आलेली बहीण अजून सासरी का परतली नाही, याबद्दल तिनं आपली बाजू सांगितली असेल. माझी बाजू तांत्रिक असल्यामुळे लेखी देतो आहे.

नागपूरच्या एका ऑफिसानं काढून टाकलेला कॉम्प्युटर मी मागच्या वर्षी घरी आणला, हे तुम्हाला माहीत आहे (तुम्ही त्याला ‘टायपिंगचा टीव्ही’ म्हणालात, तेही माझ्या लक्षात आहे). रेडिओ दुरुस्ती मी कुणाकडे शिकलो नाही, तसा कॉम्प्युटरही नाही. मांडीवर डिक्शनरी घेऊन इंग्रजी मॅन्युअल वाचलं आणि पत्रिका जुळवायचा प्रोग्राम स्वतः लिहिला. प्रोग्राम अचूक आहे, पण मशीन सावकाश. निकाल लागेस्तोवर वरपक्षाला चहा लागतो, मग वधूपक्षाला, आणि गुण मोजून होण्याआधी वरपक्षाला पुन्हा. चहा मालतीनं करायचा. तेव्हा मशीन जोरात पळावं ही कल्पना मुळात मालतीच्याच भल्याची होती, एवढं कृपया ध्यानात घ्या.

आता तांत्रिक भाग. मशीनच्या आत क्रिस्टल नावाची एक पत्र्याची इवलीशी डबी असते. वरातीत ढोलवाला हात उचलेल तसे बाकीचे वाजवतात ना, तसं सगळं मशीन या डबीच्या ठोक्यावर चालतं. ढोलवाला बदलला की वरात पळते. मी नागपूरच्या सीताबर्डीहून जास्त ठोक्यांचा क्रिस्टल आणला आणि जुना काढून तो सोनारानं डाग द्यावा तसा नीट बसवला (माझं सोल्डरिंग तुम्ही पाहिलंच आहे, चमकतं). फायदा लगेच दिसला : एका चहात पत्रिका जुळू लागली. धोका एवढाच की आतले भाग तापतात आणि तापले की मशीन मध्येच मुकं होतं. बोट ठेवून पाहिलं, तर बोटाला फोड आला. म्हणजे मशीनला गारवा हवा, हे शास्त्रच झालं.

घरात गारवा देणारी वस्तू एकच. तो खसचा कूलर मी माजघराच्या खिडकीतून काढून मशीनच्या तोंडाशी लावला. मालती कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, “मशीनले कूलर, अन् मले सुपडं? पुढच्या जन्मी मी बी वायरच होतो!” मी तिला वेगाचे फायदे समजावत होतो, पण तिनं खरंच सुपडं घेतलं आणि माझ्याकडे पाठ करून वारा घेत बसली.

इथं माझी एक बारीक चूक झाली. कूलरची हवा गार असते, तशी ओलीही असते. लोधीखेड्याचे यशवंतराव मुलीची पत्रिका घेऊन आले, त्या वेळी मशीनमधून खसचा फार छान वास येत होता. एका चहात निकाल आला : छत्तीसपैकी एक्केचाळीस गुण. मी घाईनं मशीन बंद करायला गेलो, तर यशवंतरावांनी माझा हात धरला. “गुण कापू नका हो, राहू द्या! पोरगी आमची गुणाचीच आहे.” पुन्हा हातानं मोजून सत्तावीस सांगितले, तर माझ्यावरच रुसले.

तरी यावरून मालती रुसली नसती. रुसली ती घड्याळामुळे. घरात दोन घड्याळं दोन वेळा दाखवतात हे मला खपत नाही, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाचा सेल मी काढून ठेवला होता. मशीनचं घड्याळही त्याच क्रिस्टलवर चालतं, हे मॅन्युअलच्या पुढच्या प्रकरणात होतं (तिथपर्यंत मी पोचलो नव्हतो). अखजीला ती तुमच्याकडे निघायची होती, त्या दिवशी सकाळी रेडिओवर मिळवलेली वेळ दुपारपर्यंत चांगली दोन तास पुढे पळाली. मी ओरडलो, “मालती, सौंसरची गाडी निघून राहिली!” ती म्हणाली, “अहो, सावली त अजून ओट्यावरच आहे.” मी म्हटलं, “सावलीले क्रिस्टल नसतो.” बिचारी न जेवता निघाली. स्टँडवरचा पानठेलेवाला गुणवंता सांगत होता की तिनं गाडीचं विचारलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला, “बाई, ड्रायव्हरनं अजून डबा बी नाही खोलला.” टिनाच्या शेडखाली, अखजीच्या उन्हात, तुमची बहीण बसून होती. माझ्याबद्दल काय म्हणाली ते गुणवंतानं सांगितलं नाही. पान मात्र फुकट दिलं.

पण निराश व्हायचं कारण नाही. कूलर माजघरात परत गेला आहे, टाकीत पाणी भरलं आहे, खस नवा लावला आहे. मशीनसाठी मी टेबलफॅन आडवा बसवतो आहे आणि त्यात सुधारणा दिसते आहे. वेग आणि संसार एका घरात नांदू शकतात, असं माझं आजही ठाम मत आहे.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

आपला,
मनोहर

ता. क. : जावयाला आमरसाच्या जेवणाला बोलावायची तुमच्या घरची पद्धत आहे. यंदाचं बोलावणं अजून पोचलं नाही, टपालात अडकलं असावं. बिनबोलावता मी यायचा नाही, हे तुम्ही जाणता. पुन्हा एकदा लिहून टाकाल तर येईन, आणि परतीच्या गाडीत खिडकीची जागा धरेन. मला खिडकी लागत नाही.

आणखी एक : वर वेगाच्या बाजूनं जे लिहिलं ते तत्त्व म्हणून खरंच आहे. पण जुना क्रिस्टल मी परवाच परत बसवला. हे मालतीला सांगू नका. तिच्या सांगण्यावरून बसवला, असं म्हणायला मला जागा राहू द्या.

शेवटचं : भिंतीवरच्या घड्याळात सेल टाकून ते रेडिओवर सेकंदासकट मिळवलं. तेव्हापासून रोज दूध उतू जाऊन राहिलं, अन् मी बादली लावेस्तोवर नळ जाऊन राहिला. मालती ते घड्याळ किती पुढे ठेवायची, तेवढं तिला विचारून ठेवा.