ओटीतले दाणे

२ सप्टेंबर
पहिला दिवस छान गेला. रीडिंगहून बस, पुढे शेतांमधून चालत. जुनं दगडी घर, मागे सफरचंदाची झाडं, शेजारी चर्च. आफ्रिकेत गेलेल्या मिशनऱ्यांनी आणलेल्या वस्तू इथे ठेवल्या आहेत. मुखवटे, ढोल, देव. दारावरच्या पाटीवर 'भेट मिळालेल्या' असं लिहिलंय. आता त्यातल्या काही परत जाणार. त्या नीट बांधून पेटीत घालणं हे माझं काम.

इथली प्रमुख वरदा. जन्म ईलिंगचा, आईवडील साताऱ्याचे. माझ्याशी हट्टानं मराठी बोलते. "तुझा खुर्ची तिकडे आहे," म्हणाली. मी हसले. ती हसली नाही.

पाचवा महिना असल्याचं तिला सांगितलं. तिनं पोटाकडे पाहिलं आणि म्हणाली, प्रोबेशन तरीही सहा महिन्यांचंच. संध्याकाळी अनिशनं पोटाला कान लावला आणि कानावरच लाथ खाल्ली. बापाला मारतोय, म्हणाला. खूश होता.

१० सप्टेंबर
सगळ्यात आधी जाणार ती नायजेरियातली बाई. लाकडाची, हातभर उंच. गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हातांनी भांडं पुढे धरलेलं. पाठीवर मूल होतं. ते करवतीनं कापून काढलंय. दातांच्या रेघा अजून दिसतात. कमरेला लोकरीची विणलेली पट्टी. ती तिकडची नव्हे. तिला इथे आणणाऱ्या रेव्हरंडच्या बायकोनं विणून घातली, बाईला थंडी वाजेल म्हणून.

मूल रेव्हरंडनं कापलं. तिकडे नाही, इथे, याच स्वयंपाकघरात. का, ते कुणाला ठाऊक नाही. बायको त्याच दिवशी गेली, पोटातल्या बाळासकट. चर्चच्या आवारात दोघांचा एकच दगड आहे. वरदानं हे मला डबा खाताना सांगितलं. करवत बोळात खुंटीला टांगलेली आहे. लोकांना बघायला आवडते, म्हणाली.

२४ सप्टेंबर
नोव्हेंबरात तिच्या गावचे लोक न्यायला येणार. आज पेटी भरली. वरदा लंडनला गेली होती.

आमच्याकडे घरी निघालेल्या बाईला रिकामी पाठवत नाहीत. मी घरून तांदूळ, हळकुंड आणि सुपारी आणली होती. कुंकू लाकडाला लावलं नाही, एवढं मला कळतं. भांड्यात ओटी घातली आणि मनात म्हटलं, जा घरी, तुझी कूस भरू दे.

ओटी घेणारीनं चार दाणे परत द्यायचे असतात, देणारीचं सगळं जाऊ नये म्हणून. लाकूड काय देणार. मीच काढून घ्यायला हवे होते. तेवढ्यात बाहेर गाडी वाजली आणि मी झाकण लावलं.

१ ऑक्टोबर
वरदानं फोटोसाठी पेटी उघडली. तांदळात किडे झाले होते. लाकडाला लागले तर इथलं सगळं पोखरून जाईल. हे कुणी केलं, तिनं विचारलं. मला माहीत नाही, म्हणाले. तिनं माझ्या डब्याकडे पाहिलं.

दाणे व्हॅक्यूमनं ओढले. कीड मारायला बाईला दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवायची. उणे तीस. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचं काम वरदानं मलाच दिलं आणि शेजारी उभी राहिली. चेहऱ्यावरून चिकटपट्टी ओढताना म्हणाली, घट्ट.

मी घट्ट ओढली.

४ ऑक्टोबर
लाथ नाही. परवापासून नाही. मिडवाइफ म्हणते ठोके आहेत, झोपलं असेल. अनिशनं पोटावर हात ठेवला आणि लगेच काढला. हात गार पडला होता.

७ ऑक्टोबर
स्कॅन. बाळ गुडघे दुमडून, पाठ करून. ठोके मंद. डॉक्टरीण पडद्याकडे बघत राहिली, मग कुणाला तरी बोलवायला गेली. रोज यायला सांगितलंय.

वरदाला म्हटलं, त्या बाईला फ्रीजरमधून बाहेर काढ. ती म्हणाली, आधी सांग तांदूळ कुणाचे. सांगितलं. शुक्रवार शेवटचा दिवस, म्हणाली. "तुम्ही लोक तिकडून येता आणि एव्हरीथिंगला देव करता." दाणे मागितले. चारच. कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली.

१० ऑक्टोबर
पोट लहान झालंय. सलवारीची नाडी जुन्या गाठीवर आली. अनिश मोजून बघू म्हणाला. नको —

रेव्हरंडच्या बायकोनंही तिला दिलं होतं. पट्टी विणून. पोटुशी असताना —

११ ऑक्टोबर
आज शेवटचा दिवस. वरदा वर आहे. फ्रीजर उघडला. प्लॅस्टिकवर बर्फ. नखांनी फाडलं.

पाठीवर मूल आहे.

नवं लाकूड, फिकट. ओल्या लाकडाचा वास. गुडघे दुमडलेले, तोंड तिच्या पाठीत. डाव्या कानाची पाळी चिकटलेली, अनिशसारखी. बोट ठेवलं. आत ठोका. मंद —

माझ्या पोटात काही नाही. दाबून पाहिलं. काही —

रेव्हरंडनं का कापलं ते कळलं. त्याला स्वतःचं परत हवं होतं.

करवत आणली. दाराला आतून कडी. वरदा बाहेरून ओरडतेय, हात लावू नकोस तिला. चर्चच्या आवारातला दगड आठवतो. दोघांचा एकच —

हे अनिशसाठी लिहून ठेवते. मी चार दाणे मागितले होते. गुडघ्यांवर बसून मागितले. तिनं नुसतं भांडं पुढे —

करवत टेकवली. अजून ओढली नाही.

तिच्या पाठीवर बाळ हललं. इतक्या दिवसांनी हललं. मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तिला अजून घट्ट —